बुडत्या कारखान्याला हात कोणाचा?

सातारा शहराच्या अलीकडच्या इतिहासात २००६ हे वर्ष ध्यानात राहण्याजोगे आहे. त्या वर्षी येथील दोन नामांकित संस्थांच्या आयुष्याला एकदम वळण लागले. महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीने गिअरच्या स्कूटरांचे उत्पादन थांबवले. त्याच वर्षी २ सप्टेंबरला १९३६ साली स्थापन झालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेच्या व्यवहारांवर सरकारने निर्बंध घातले. पुढे जे घडले ते बोलके आहे. बँकेच्या दारी ठेवीदारांच्या रांगा लागल्या, दिल्ली-मुंबईपर्यंत धावपळ झाली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती बँक आयडीबीआय बँकेत विलीन होऊन ठेवीदारांचा पैसा सुरक्षित झाला. स्कूटरच्या जुळणीची साखळी थांबली तेव्हा मात्र अशी कोणतीही धावपळ झाली नाही.

एका महिन्यात एक संस्था सावरली जाते आणि दुसरीचे मुख्य काम थांबले तरी पान हलत नाही, हा भेद योग्य म्हणावा की अन्यायाचा? वाहन उद्योगातील एखादा कारखाना अडचणीत आला तर सरकारने खजिना उघडावा की हात राखून बसावे, हा जगभर वादाचा ठरलेला प्रश्न सातारा-सांगलीच्या वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. या दोन जिल्ह्यांनी त्याची जवळजवळ सर्व रूपे पाहिली आहेत.

सांगली जिल्हा १९४९ साली दक्षिण सातारा या नावाने वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या विभागणीच्या कितीतरी आधी, १९१० साली, आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधच्या संस्थानिकाने आज सांगली जिल्ह्यात असलेल्या माळरानावर एक कारखाना उभा राहू दिला. बेळगावात सायकलदुरुस्तीपासून सुरुवात केलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळची ओसाड जमीन दिली आणि भांडवलासाठी कर्जही दिले. लोखंडी नांगराने जमीन बिघडते या समजुतीमुळे शेतकरी त्या नांगराला बिचकत होता. गिऱ्हाईक अजून तयार व्हायचे होते आणि धोका उघड दिसत होता. तरीही राज्यकर्त्याने मदत केली आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. तेव्हा ‘उद्योगाच्या व्यवहारात सरकारने पडूच नये’ हे वचन निदान या मातीत तरी खरे ठरलेले नाही. मात्र औंधच्या राजाने बुडणारा कारखाना वाचवला नव्हता, उगवणारा कारखाना रुजवला होता. या दोन कृतींतील फरक पुढच्या सगळ्या विवेचनात महत्त्वाचा आहे.

स्वातंत्र्यानंतर औंधच्या राजाची भूमिका महामंडळांनी घेतली. १९७५ साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. महामंडळाचा वाटा २७ टक्के, बजाजचा २४ टक्के आणि बाकीचे भाग इतर भागधारकांचे. तो परवान्यांचा काळ होता. स्कूटर नोंदवून ठेवायची आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, हा मध्यमवर्गीय संसाराचा एक नित्यक्रमच होता. मुलीच्या लग्नाआधी नोंदवलेली स्कूटर नातवाच्या बारशाला मिळाली, असे विनोद घरोघरी होत. मागणी प्रचंड आणि उत्पादनाला सरकारी मर्यादा, अशा स्थितीत महामंडळाचा भाग असलेली कंपनी मागास भागात निघावी, हे सर्वांच्याच सोयीचे होते. साताऱ्यात तयार झालेली ‘प्रिया’ अशा रीतीने देशभरच्या रस्त्यांवर धावू लागली. कोयना धरणाची वीज पाहिलेल्या, पण कारखान्याच्या भोंग्यासाठी मुंबई-पुण्याकडे डोळे लावून बसलेल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

मग ‘प्रिया’ का थांबली? कंपनी दिवाळखोर झाली होती असे नव्हे. बजाज समूहातील कंपन्यांचे भाग तिच्याजवळ होते आणि त्यांचे मोल वाढतच गेले. थांबले ते गिऱ्हाईक. १९८५ साली हीरो होंडाची चार-स्ट्रोक मोटारसायकल बाजारात आली, पुढे परवान्यांचे कुंपण गेले, आणि कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर कापणाऱ्या वाहनाकडे खेड्यापाड्यांतला तरुण वळला. येथे एखादा चिकित्सक वाचक विचारील की, स्कूटर हे वाहनच कालबाह्य झाले होते काय? नाही. २००१ साली होंडाने ॲक्टिव्हा आणली आणि गिअर नसलेल्या स्कूटरने घरोघरी पुन्हा जागा मिळवली. २०२० साली तर बजाजची ‘चेतक’ही विजेवर चालणारी होऊन परतली, ती पुणे जिल्ह्यात परतली, साताऱ्याला नव्हे. म्हणजे स्कूटर संपली नव्हती, स्कूटरची एक विशिष्ट रचना संपली होती. अशा वेळी सरकारने कोट्यवधी रुपये ओतून जुनीच रचना चालू ठेवली असती, तर गोदामे भरली असती, रस्ते नव्हेत. हवी होती ती नवी रचना, नवे यंत्रज्ञान आणि ते अगोदर ओळखणारी नजर. या गोष्टी कोषागाराच्या धनादेशाने मिळत नाहीत.

या भागीदारीच्या शेवटानेही एक धडा दिला आहे. २००३ साली महामंडळाने आपला २७ टक्के वाटा बजाजला विकण्याची तयारी दाखवली. भावावर एकमत होईना म्हणून प्रकरण लवादाकडे गेले. जानेवारी २००६ मध्ये लवादाने दर भागाला १५१ रुपये ६३ पैसे असा भाव ठरवला. त्यावर न्यायालयीन वाद सुरू झाला, तो एका न्यायालयातून दुसऱ्यात जात २०१९ पर्यंत चालला आणि अखेर तो वाटा बजाज समूहाकडे गेला. तोवर शेअर बाजारातील भाव लवादाच्या भावाच्या कैक पटींनी वर गेला होता. यात कोणाचे कायदेशीर चुकले हे शोधण्याचे येथे प्रयोजन नाही. तो निवाडा न्यायालयांनी केला आहे. परंतु जनतेच्या पैशाने भागीदार झालेल्या सरकारला आपण भागीदारी कशासाठी केली, ती केव्हा संपवायची आणि संपवताना मोल कसे ठरवायचे, याचा विचार आरंभीच करून ठेवावा लागतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल. उद्योगात शिरण्याचे धोरण आपल्याकडे असते, बाहेर पडण्याचे नसते.

बुडते कारखाने वाचवण्याच्या बाजूने नेहमी दिले जाणारे उदाहरण मारुतीचे. संजय गांधींची मारुती लिमिटेड ही कंपनी मोटारी न बनवताच बंद पडली. १९८० साली केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली, १९८१ साली मारुती उद्योग स्थापन केली, १९८२ साली जपानच्या सुझुकीशी करार केला, आणि डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मोटार एका सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती पडली. पुढचे यश सर्वज्ञात आहे. सरकारने आपले भाग टप्प्याटप्प्याने विकले आणि २००७ साली ते पूर्णपणे बाहेर पडले. पण बारकाईने पाहिले तर येथे जुना कारखाना वाचवलाच नव्हता. जुन्या कंपनीची जमीन आणि इमारती तेवढ्या राहिल्या. मोटारीचा नमुना, यंत्रे, व्यवस्थापनाची रीत आणि भागीदार असे सगळे नवे आले. मारुतीचा कित्ता गिरवायचा तर या गोष्टीही गिरवाव्या लागतील. नुसते सरकारीकरण म्हणजे मारुती नव्हे.

नुसत्या सरकारीकरणाचे काय होते, याचा दाखला लखनौच्या स्कूटर्स इंडियाने दिला. इटलीतील लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री आणून १९७२ साली निघालेली ही केंद्राची कंपनी वारंवार तोट्यात गेली, आजारी म्हणून नोंदवली गेली, तिच्यासाठी पुनरुज्जीवनाच्या योजना मंजूर झाल्या, आणि तरीही २०२१ साली ती बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाला घ्यावा लागला. त्याआधी मुंबईने हाच अनुभव कापडात घेतला होता. १९८२ च्या संपानंतर १९८३ साली सरकारने मुंबईतील १३ गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. माण-खटाव, जत-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून गिरणगावात गेलेल्या आणि मनीऑर्डरीवर गावाकडचा संसार चालवणाऱ्या घरांना तो मोठा दिलासा वाटला. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांपैकी बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले. जमिनीला सोन्याचा भाव आला. गिरणी वाचली नाही आणि गिरणीकामगाराची घरासाठीची वणवण मात्र चालू राहिली.

परदेशांतही चित्र याहून वेगळे नाही. ब्रिटनने १९७५ साली ब्रिटिश लेलँड ही मोटार कंपनी राष्ट्राच्या मालकीची केली, तिच्यात अफाट पैसा ओतला, आणि तिचा शेवटचा मोठा अवशेष २००५ साली बंद पडला. उलट अमेरिकेत क्रायस्लर कंपनीला सरकारने दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जांना हमी दिली. हमीबरोबर अटी होत्या. कामगारांनी वेतनात, बँकांनी येण्यात आणि पुरवठादारांनी दरात सवलत द्यायची होती. क्रायस्लरने १९८३ साली, मुदतीच्या सात वर्षे आधी, ते कर्ज फेडले आणि सरकारला वर नफाही झाला. २००९ साली जनरल मोटर्सवर पाळी आली, तेव्हा प्रमुखाला जावे लागले आणि जुन्या भागधारकांचे भांडवल जवळजवळ शून्य झाले. सरकारने सुमारे साडेएकोणपन्नास अब्ज डॉलर गुंतवले. त्यांपैकी सुमारे ३९ अब्ज परत मिळाले. उरलेला तोटा अमेरिकी करदात्याने सोसला. कारखाने मात्र चालू राहिले.

या जनरल मोटर्सच्या कथेला महाराष्ट्रात एक उपसंहार आहे. सरकारी पैशाने सावरलेल्या या कंपनीने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली आणि डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचा कारखाना बंद केला. डेट्रॉइटच्या कामगारासाठी वॉशिंग्टनचे सरकार उभे राहिले; तळेगावच्या कामगारासाठी कोणी उभे राहावे, हे कोणत्याही कायद्याने सांगितलेले नव्हते. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. इमारतींना नवा धनी मिळाला, जुन्या कामगारांचा प्रश्न मात्र न्यायालयांत आणि उपोषणांच्या मांडवात घुटमळत राहिला. ‘उद्योग वाचला’ आणि ‘कामगार वाचला’ ही दोन वेगळी विधाने आहेत, हे यावरून कळून यावे.

कारखाना वाचवावा असे म्हणणाऱ्यांची बाजू कमकुवत आहे असे मात्र कोणी समजू नये. वाहनाचा कारखाना कधी एकटा नसतो. त्याच्यामागे ओतीव भाग करणारी फौंड्री, सुटे भाग घडवणारी लेथ, रबराचा आणि रंगाचा पुरवठादार, ट्रकवाला, कँटीनवाला अशी रांग असते. साताऱ्याच्या, कुपवाडच्या किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील एखादी दहा माणसांची शेड दूरच्या कुठल्यातरी मोठ्या कारखान्याच्या मागणीवर जगत असते. वर एक दिवा विझला की खाली शंभर दिवे मंदावतात. शिवाय वीस-पंचवीस वर्षांत हातांना जे कसब येते, ते कारखाना बंद होताच विखुरते आणि पुन्हा गोळा होत नाही. मंदीसारख्या तात्पुरत्या संकटात सुदृढ कारखाना केवळ खेळत्या भांडवलाअभावी बंद पडू देणे, हा शहाणपणा नव्हे.

पण याच युक्तिवादाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. विट्याचा यंत्रमागवाला बुडाला तर त्याच्यासाठी कोणते मंत्रिमंडळ बसते? जतच्या शेतकऱ्याची बाग पाण्यावाचून वाळली तर त्याचे भांडवल कोण भरून देते? मोठा कारखाना बुडाला की मोठा आवाज होतो म्हणून त्याला मदत, आणि लहान माणूस निमूट बुडतो म्हणून त्याला उपदेश, असा न्याय असू शकत नाही. सरकारजवळ स्वतःचा पैसा नसतो. तो कारकुनाच्या पगारातून कापलेला, शिक्षकाने आगपेटीपासून सायकलपर्यंतच्या खरेदीत भरलेला पैसा असतो. तो एका कारखान्याकडे वळला म्हणजे कुठल्यातरी शाळेची खोली, कुठल्यातरी आरोग्य केंद्राचे औषध मागे पडले, असाच त्याचा अर्थ होतो.

आपल्याकडे तर या मदतीची सवय लागण्याचा धोका फार मोठा. साखर कारखान्यांना सरकारने दिलेल्या थकहमीचा इतिहास सांगलीकरांना सांगायला नको. वसंतदादांनी उभारलेला सांगलीचा साखर कारखाना एकेकाळी सहकाराचे भूषण होता. तोही पुढे कर्जाच्या ओझ्याखाली आला आणि २०१७ साली भाड्याने खासगी कंपनीकडे चालवण्यास गेला. सरकार मागे उभे आहे, ही खात्री व्यवस्थापनाला सावध करीत नाही, बेफिकीर करते. १९८५ च्या आजारी उद्योगविषयक कायद्याचेही असेच झाले. आजारी कंपन्यांना संरक्षण देण्यासाठी औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ १९८७ पासून काम करू लागले. संरक्षणाच्या छत्राखाली धनकोंना दूर ठेवायचे आणि वर्षे काढायची, अशी वाट अनेक मालकांनी त्यातून शोधली. रोग्याला बरे करण्यासाठी काढलेले इस्पितळ रोगाची मुदत वाढवू लागले, तेव्हा २०१६ साली तो कायदा मोडीत निघाला आणि दिवाळखोरीचा नवा कायदा आला.

मग सरकारने करावे काय? सगळ्या अनुभवांचे सार काढले तर चार कसोट्या हाती येतात. पहिली, दुखणे तात्पुरते आहे की मालच गिऱ्हाइकाला नकोसा झाला आहे? पहिल्या दुखण्यावर पैसा हे औषध आहे, दुसऱ्यावर नाही. दुसरी, प्रथम झळ कोणी सोसावी? मालकाचे भांडवल आणि कर्ज देणाऱ्याचे येणे हे आधी खर्ची पडले पाहिजे, करदात्याचा पैसा नंतर. तिसरी, सरकार पैसा देणार असेल तर त्या बदल्यात भाग, संचालक मंडळावर जाणती माणसे आणि बाहेर पडण्याची लेखी तारीख घेतली पाहिजे. महाराष्ट्र स्कूटर्सच्या सोळा वर्षे चाललेल्या वादाने या तिसऱ्या कसोटीचे महत्त्व पुरेसे शिकवले आहे. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: मदत यंत्राला द्यायची की माणसाला?

या चौथ्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कायद्यांनी फार तोकडे दिले. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने कारखाना बंद होताना नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन भरपाई म्हणून ठरवले. पंचवीस वर्षे घासलेल्या कामगाराचा हिशेब यावरून ३७५ दिवसांचा होतो. पंचेचाळिशीच्या माणसाच्या हाती जेमतेम वर्षभराचा पगार पडतो आणि समोर निवृत्तीपर्यंतची दहा-पंधरा वर्षे उभी असतात. घरी कॉलेजात जाणारी मुले, डोक्यावर घराचे कर्ज आणि नव्या कारखान्याच्या दारावर वयाची अट. कारखाने वाचवण्यासाठी सरकार ज्या रकमांचा विचार करते, त्यांतला एक लहान हिस्सा जरी थकलेल्या पगारासाठी, भविष्यनिर्वाह निधीच्या तात्काळ वसुलीसाठी, नव्या यंत्रांच्या शिक्षणासाठी आणि शिकण्याच्या काळातील निर्वाहभत्त्यासाठी राखून ठेवला, तर तो अधिक माणसांच्या उपयोगी पडेल. विजेवरच्या वाहनांमुळे इंजिनाचे कितीतरी भागच अनावश्यक ठरणार आहेत. हे भाग घडवणाऱ्या शेडमध्ये काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही तरतूद दूरच्या काळाची गोष्ट राहिलेली नाही.

कसबावर केलेला खर्च वाया जात नाही, याची साक्ष सांगलीतच आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ‘पद्मिनी’ मोटार या शतकाच्या उंबरठ्यावर बंद झाली. मुंबईच्या टॅक्सींतूनही ती आता गेली. पण १९४७ साली सांगलीत निघालेले आणि १९५५ पासून वालचंदांचे नाव धारण करणारे अभियांत्रिकी महाविद्यालय आजही दरवर्षी अभियंते घडवीत आहे. त्यांतले कोणी कोणत्या कंपनीत जातील आणि ती कंपनी किती वर्षे टिकेल, हे कोणी सांगू शकत नाही. कंपनी गेली तरी त्यांची विद्या त्यांच्याजवळ राहील, एवढे मात्र सांगता येते.

आता पुन्हा २००६ च्या साताऱ्याकडे वळावे. बँकेचे ठेवीदार एका महिन्यात सुरक्षित झाले, हे योग्यच झाले. दुसऱ्याचा ठेवलेला पैसा पवित्र मानला पाहिजे, या तत्त्वावर त्या वेळी सरकार, रिझर्व्ह बँक आणि लोकमत एकत्र आले. बँक तिच्या जुन्या नावाने राहिली नाही, याची हळहळ अनेकांना वाटली. पण नाव वाचवण्यापेक्षा ठेव वाचवणे महत्त्वाचे ठरले. कारखान्याच्या बाबतीत हेच तत्त्व लावायला काय हरकत आहे? कारखान्याची पाटी टिकवणे हे सरकारचे काम नव्हे. पण कामगाराने तेथे ठेवलेली वीस-पंचवीस वर्षे हीसुद्धा ठेवच असते, आणि ती काढून घ्यायला त्याला कोणत्याही खिडकीपुढे रांग लावता येत नाही. ती ठेव सुखरूप परत मिळण्याची व्यवस्था कारखाना चालू असतानाच करून ठेवली, तर बुडत्या कारखान्याला हात द्यावा की न द्यावा, याचा निर्णय सरकारला पुष्कळ निर्भयपणे घेता येईल.